टाकीतला भोवरा: द्रव फिरतोय की मिसळतोय?

पाताळगंगा
सोमवार, रात्री ९:१०

रिअ‍ॅक्टरच्या साइट ग्लासमधून (टाकीच्या काचेच्या खिडकीतून) आत पाहिलं आणि मधोमध खोल भोवरा दिसला, की नवा ऑपरेटर समाधानाने मान डोलावतो. एवढा भोवरा पडलाय म्हणजे ढवळणं झकास चाललंय, असं त्याला वाटतं. केमिकल इंजिनिअरिंग शिकून आलेली मुलंसुद्धा सुरुवातीला असंच मानतात. ही समजूत घालवावी म्हणून धागा काढतोय. भोवरा जितका सुबक आणि खोल, तितकं आतलं मिसळणं कमी, असाच बहुतेक वेळा हिशेब असतो.

साधी गोल टाकी घ्या. भिंत गुळगुळीत, मधोमध शाफ्ट (फिरणारा दांडा), खाली इम्पेलर (पात्यांचं चाक), बाकी आत काहीच नाही. पाती द्रवाला गोल ढकलतात आणि त्याला अडवायला भिंतीच्या घर्षणाशिवाय कोणी नसतं. त्यामुळे थोड्याच वेळात शाफ्टभोवतीचा द्रव शाफ्टच्याच वेगाने, घन पदार्थासारखा अख्खाच्या अख्खा फिरू लागतो. या गाभ्यात प्रत्येक थेंबाचा शेजारी कायम तोच राहतो. मग मिसळणार कोण कोणात? गाभ्याबाहेर वेग त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात घटत जातो. क्योटो विद्यापीठाच्या शिंजी नागाता यांनी या गाभ्याची रुंदी कशावर अवलंबून असते याचं पुष्कळ काम केलं. पाण्यासारखा पातळ द्रव जोरात ढवळला, तर गाभ्याची त्रिज्या इम्पेलरच्या त्रिज्येच्या दोन तृतीयांशाच्या आसपास भरते.

पृष्ठभाग मध्ये का खचतो? द्रवाला वर्तुळात धरून ठेवायचं तर आतल्या दिशेने बल हवं, आणि द्रवात ते बल दाबाच्या फरकातूनच येऊ शकतं. म्हणजे बाहेर दाब जास्त, मध्ये कमी. दाब जास्त म्हणजे डोक्यावर पाण्याची उंची जास्त. म्हणून पातळी भिंतीकडे चढते आणि मध्ये उतरते. गाभ्यातला आकार पॅराबोलाचा असतो. न्यूटनने १६८७ साली फिरत्या बादलीचा दाखला दिला होता, तो याच आकाराचा. आणि खोली वेगाच्या वर्गाने वाढते: आरपीएम (मिनिटाच्या फेऱ्या) दुप्पट, भोवरा चौपट.

यावरचा उपाय वरवर पाहता अगदी किरकोळ आहे. भिंतीला चार उभ्या पट्ट्या, एकमेकींपासून ९० अंशांवर, प्रत्येकीची रुंदी टाकीच्या व्यासाच्या दहाव्या किंवा बाराव्या हिश्श्याएवढी. म्हणजेच बॅफल. गोल फिरणारा प्रवाह पट्टीवर आदळतो आणि त्याला वर किंवा खाली वळावंच लागतं. भोवरा जवळजवळ नाहीसा होतो, पृष्ठभाग खदखदल्यासारखा खडबडीत दिसतो, आणि वरचा द्रव खाली, खालचा वर असं खरं अभिसरण सुरू होतं. बॅफल असताना आणि नसताना इम्पेलर किती शक्ती खेचतो याची पद्धतशीर मांडणी हेन्री रश्टन, कॉस्टिच आणि एव्हरेट यांनी १९५० साली प्रसिद्ध केली. सहा सरळ पात्यांच्या चकतीच्या इम्पेलरला आजही रश्टन टर्बाइनच म्हणतात.

प्लांट, प्रयोगशाळा, पाणीपुरवठा, किण्वन, जिथे कुठे तुमचा टाकीशी संबंध आला असेल तिथलं लिहा. शंकाही विचारा.


शंकासुर
सोमवार, रात्री ९:४८

छान विषय. पण पहिलीच शंका पैशांची. बॅफल लावले की मोटरवरचा भार वाढतो असं ऐकलंय. मग बॅफल न लावता वीज वाचवावी आणि हवं तर आरपीएम थोडे वाढवावेत, यात तोटा काय?


पाताळगंगा
सोमवार, रात्री १०:३०

शंकासुर, हा प्रश्न प्रत्येक परचेस मीटिंगमध्ये येतो, म्हणून आकडे मांडूनच उत्तर देतो.

टाकी २ मीटर व्यासाची, द्रवाची उंचीही २ मीटर. म्हणजे ६.३ केएलचा (किलोलिटरचा, हजार लिटरचा एक) बॅच. आत पाणी. रश्टन टर्बाइन ०.६७ मीटर व्यासाची, तळापासून तेवढ्याच उंचीवर, ९० आरपीएम. रेनॉल्ड्स नंबर (चिकटपणाच्या मानाने द्रवाच्या गतीचा जोर किती ते सांगणारा आकडा) येतो पावणेसात लाखांच्या घरात. १० हजारांच्या वर प्रवाह पुरता खळबळीचा धरतात, त्यामुळे इथे संशयाला जागाच नाही.

शक्ती काढायचं सूत्र असं: पॉवर नंबर (इम्पेलरच्या आकारावर आणि बॅफलवर ठरणारा आकडा) गुणिले घनता, गुणिले वेगाचा घन, गुणिले इम्पेलरच्या व्यासाचा पाचवा घात. बॅफल असताना या टर्बाइनचा पॉवर नंबर ५ च्या आसपास असतो. उत्तर २.३ किलोवॉट. बॅफल काढा, पॉवर नंबर १ च्या आसपास उतरतो, आणि मोटर द्रवाला अर्धा किलोवॉटसुद्धा देत नाही. वीज वाचली खरी, पण वाचलेली ती वीजच द्रव मिसळणार होती. द्रव पात्यांबरोबर फिरायला लागला की पात्यांना ढकलायला काही उरतच नाही, म्हणून भार कमी होतो. मोटरचे अँपिअर घसरले की काम घसरलं असं समजायचं.

आता ‘आरपीएम वाढवू’. याच टाकीत बॅफल नसताना ९० आरपीएमला भोवरा साधारण ४० ते ५० सेंटिमीटर खोल पडेल. इम्पेलर पृष्ठभागापासून १.३३ मीटर खाली आहे. १५०-१६० आरपीएमच्या आसपास भोवऱ्याचं टोक त्याच्यापर्यंत पोचतं. त्यानंतर पाती पाण्याऐवजी हवा कापू लागतात. शाफ्टवरचा भार क्षणाक्षणाला बदलतो, थरथर सुरू होते, मेकॅनिकल सील आणि गिअरबॉक्सची वाट लागते. वर हवा आत ओढली जाऊन फेस होतो तो वेगळाच, आणि हवेने खराब होणारा माल असेल तर संपलंच.

बॅफल असताना हीच टर्बाइन सेकंदाला सव्वातीनशे लिटरहून जास्त द्रव ढकलते. म्हणजे अख्खी टाकी वीसेक सेकंदांत एकदा इम्पेलरमधून जाऊन येते. वरून टाकलेला रंग ९५ टक्के एकजीव व्हायला शाफ्टच्या जवळपास २८ फेऱ्या लागतात. ९० आरपीएमला तेही वीसेक सेकंदच झाले.


मेधाविनी
मंगळवार, पहाटे १:१५

मी नेदरलँड्समध्ये डेल्फ्टला असते आणि संगणकावर हाच प्रवाह सोडवते, त्यामुळे धागा पाहून राहवलं नाही. 

पाताळगंगा सर, तुमचं म्हणणं मान्य, पण सगळ्या भोवऱ्यांना एकाच रांगेत उभं करू नका. साइट ग्लासमधून दिसतो तो मधला मोठा भोवरा. याखेरीज पात्यांच्या पाठीमागे लपलेले छोटे भोवरे असतात, आणि खरं काम तेच करतात. रश्टन टर्बाइनचं पातं द्रवातून जातं तेव्हा त्याच्या मागच्या बाजूला दाब कमी होतो. वरच्या आणि खालच्या कडेवरून द्रव तिथे गुंडाळला जातो आणि प्रत्येक पात्यामागे भोवऱ्यांची एक जोडी तयार होते. ती पात्याच्या मागून बाहेर भिंतीकडे झुकत जाते आणि वाटेत विरून जाते. विरताना ऊर्जा लहान लहान गिरक्यांत वाटली जाते. १९७० च्या दशकात इथेच डेल्फ्टला फान्ट रीट आणि जॉन स्मिथ यांनी या जोड्यांचा अभ्यास केला, आणि १९९९ साली डर्कसन आणि फान डेन आकर यांनी हाच प्रवाह संगणकावर मोठ्या बारकाईने उभा केला.

तिसरी एक गोष्ट सांगते, ती मला फार आवडते. बॅफल लावलेल्या टाकीतसुद्धा मधला भोवरा पूर्ण मरत नाही. एक मंद, डुलणारी गिरकी उरते. शाफ्टच्या साठेक फेऱ्या होतात तेव्हा तिची एक फेरी पूर्ण होते. कमी वेळाचं मोजमाप घेणाऱ्याला ती दिसतच नाही, आणि मग दोन प्रयोगांचे आकडे का जुळत नाहीत याचा शोध सुरू होतो.


पाताळगंगा
मंगळवार, सकाळी ७:०५

मेधाविनी, अगदी योग्य दुरुस्ती. मधला भोवरा सगळ्या द्रवाला एकसाथ फिरवतो, पात्यामागचे भोवरे शेजाऱ्यांना एकमेकांपासून तोडतात. मला जे म्हणायचं होतं ते यातच आलं: द्रवाच्या दोन थेंबांत सापेक्ष गती हवी, नुसती गती नको.

तुम्ही डेल्फ्टचं सांगितलंत, तर माटुंग्याचंही सांगायला हवं. यूडीसीटी, म्हणजे आताची आयसीटी, मुंबईतली रसायन तंत्रज्ञानाची संस्था. ज्येष्ठराज जोशी, अनिरुद्ध पंडित आणि मनमोहन शर्मा यांनी १९८२ साली ढवळलेल्या वायू-द्रव रिअ‍ॅक्टरांवर लिहिलेला आढावा जगभर वापरला गेला. पुढे विवेक रानडे आणि जोशी यांनी १९९० साली लेझरने टाकीतला वेग बिंदूबिंदूला मोजून चकतीच्या टर्बाइनचा प्रवाह मांडला. पारदर्शक टाकी, आत बारीक कण, आणि दोन लेझर किरण जिथे छेदतात त्या ठिकाणाहून जाणाऱ्या कणांच्या चमकेवरून वेग. मुंबईत बसून हे काम झालंय, याचा मला अतिशय अभिमान वाटतो.


किण्वक
मंगळवार, सकाळी ९:२०

पात्यामागच्या भोवऱ्यांचा विषय निघाला तर आमच्या किण्वनाचं दुखणं सांगतो.

पेनिसिलिनची बुरशी हवेवर जगते. म्हणून फर्मेंटरच्या (किण्वनाच्या टाकीच्या) तळातून निर्जंतुक हवा सोडायची आणि इम्पेलरने तिचे बुडबुडे फोडायचे. पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स स्थापन झाली तेव्हापासून आपल्या भागातल्या कितीतरी लोकांचं आयुष्य अशा टाक्यांभोवती गेलं. आता गंमत पाहा. पात्यामागच्या भोवऱ्याच्या गाभ्यात दाब सगळ्यात कमी, त्यामुळे हवा नेमकी तिथेच ओढली जाते आणि पात्याच्या पाठीला हवेचा कप्पा चिकटतो. पातं जणू सडपातळ होतं, द्रवाला ढकलणं कमी होतं. हवा वाढवत जा, शक्ती निम्म्यावर येऊ शकते. ज्या वेळी बुरशीला प्राणवायू सगळ्यात जास्त हवा, नेमका त्याच वेळी इम्पेलर ढिला पडतो.

उपाय भूमितीतून आला. सरळ पात्याऐवजी पन्हळीसारखं आत वळलेलं पातं, पोकळ बाजू पुढे. पाठ गोल झाल्यामुळे हवेच्या कप्प्याला चिकटायला जागा कमी मिळते, आणि हवा सोडल्यावरही शक्ती फारशी घसरत नाही. 

दुसरं दुखणं दाटपणाचं. बुरशी वाढली की रस्सा घट्ट होतो, आणि तो असा की ढवळल्यावर पातळ, सोडल्यावर दाट. काही रस्से तर ठरावीक जोर लावल्याशिवाय हलतच नाहीत. अशा वेळी इम्पेलरभोवती एक हलणारी गुहा तयार होते आणि तिच्या बाहेरचा माल जागच्या जागी. इम्पेलरजवळचा प्राणवायूमापक सांगतो सगळं उत्तम, आणि भिंतीजवळची बुरशी गुदमरून मरते.


खडीसाखर
मंगळवार, दुपारी २:४०

मला इंजिनिअरिंगमधलं काही कळत नाही, पण धागा वाचताना एक प्रश्न सारखा डोक्यात येतोय. आमच्या आजोळी रांजणात ताक घुसळायचे. घुसळखांबाला अडकवलेली रवी, तिला दोरीचे वेढे, आणि दोन्ही टोकं आलटून पालटून ओढायची. रवी कधीच एका दिशेने फिरत राहत नसे: दोन-तीन गिरक्या इकडे, दोन-तीन तिकडे. रांजणाला तर बॅफल नव्हते. मग ताकात भोवरा पडत नसे तो याच कारणाने का?


मेधाविनी
मंगळवार, सायंकाळी ५:३०

खडीसाखर ताई, किती सुंदर प्रश्न! हो, याच कारणाने.

द्रव अख्खाच्या अख्खा फिरू लागायला वेळ लागतो. पाती सतत एकाच दिशेने ढकलत राहिली तरच फिरण्याचा साठा वाढत जातो. दोरीने फिरणारी रवी तो साठा जमूच देत नाही. द्रव उजवीकडे वळू लागला की रवी डावीकडे वळते, आणि पाती नेहमी समोरून येणाऱ्या द्रवावर आदळतात. रवीला खाचाही असतात, त्यामुळे प्रत्येक उलटसुलट गिरकीत नवे छोटे भोवरे सुटतात. लोण्यासाठी तेच हवं असतं: स्निग्धाचे कण एकमेकांवर आणि हवेच्या बुडबुड्यांवर आदळायला हवेत. सगळे कण एकसाथ गोल फिरत राहिले तर लोणी येणार कुठून? उद्योगातही बॅफल लावता न येणाऱ्या टाक्यांसाठी अशी पुढे-मागे फिरणारी ढवळायची यंत्रं, म्हणजे अ‍ॅजिटेटर आहेत.

याचं दुसरं टोक दाट द्रवांत दिसतं. ग्लिसरीन किंवा ग्लुकोज सिरपसारखा द्रव मंद ढवळला, तर खळबळ नसतेच. तेव्हा इम्पेलरच्या वर एक आणि खाली एक अशी अंगठीच्या आकाराची दोन कडी तयार होतात, ज्यांच्यातला द्रव आतल्या आत फिरत राहतो. बाहेरचं आत जात नाही, आतलं बाहेर येत नाही. तासन्‌तास ढवळा, कडी तशीच. १९९६ साली अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात लॅम्बर्टो, मुझियो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की आरपीएम ठरावीक काळाने कमी-जास्त करत राहिलं तर ही कडी जागा बदलतात, जुन्या कड्यातला द्रव बाहेर सापडतो आणि मिसळणं कितीतरी लवकर होतं. त्याच्याही आधी, १९८४ मध्ये, हसन आरेफ यांनी गणिताने दाखवलं होतं की दोन भोवरे आळीपाळीने चालू-बंद केले तर खळबळ नसतानाही द्रव पुरता विस्कटतो. प्रवाह काळानुसार बदलता ठेवणं हे दोन्हींतलं सूत्र, आणि तुमच्या आजोळच्या दोरीतलंही तेच.


तारकांगण
मंगळवार, रात्री ८:५५

इथे सगळे भोवरा मोडायच्या मागे लागलेत, म्हणून मी उलट बाजू आणतो. उत्तराखंडात देवस्थळ इथे एक दुर्बीण आहे जिचा आरसा म्हणजे पाऱ्याचा पातळ थर. व्यास ४ मीटर. पाऱ्याचं भांडं अतिशय संथ आणि एकसारख्या वेगाने फिरवतात आणि पारा आपोआप पॅराबोलाचा आकार घेतो. २०२२ मध्ये तिने पहिल्यांदा आकाश टिपलं.

पाताळगंगांनी दिलेला नियम इथे तंतोतंत लागतो. आरशाचं नाभीय अंतर म्हणजे गुरुत्वीय त्वरण भागिले कोनीय वेगाच्या वर्गाची दुप्पट. ८ मीटर नाभीय अंतर हवं तर गणित सांगतं की एक फेरी ८ सेकंदांत व्हायला हवी, आणि ती दुर्बीण तशीच फिरते. इथे पात्यांऐवजी अख्खं भांडंच फिरतं, त्यामुळे भिंत आणि द्रव यांच्यात फरकच उरत नाही. कणांमध्ये सापेक्ष गती शून्य असावी यासाठी सगळा आटापिटा. वाऱ्याने तरंग उठू नयेत म्हणून वर पातळ पारदर्शक पडदासुद्धा ताणलेला असतो.


शंकासुर
मंगळवार, रात्री ९:३०

हे भारी आहे. म्हणजे उत्तम आरसा हा सगळ्यात वाईट मिक्सर!

पण पाताळगंगा, मग रसायनांच्या टाकीत भोवरा हवासा असतो अशी वेळ कधीच येत नाही का?


पाताळगंगा
मंगळवार, रात्री १०:१५

येते ना. तरंगणारी पावडर.

हलकी किंवा पाण्याने सहज न भिजणारी पावडर मॅनहोलमधून चार्ज केली की ती वर साय धरते. बॅफल पूर्ण असतील तर पृष्ठभागावर खाली ओढणारं असं काही उरत नाही, पावडर कोपऱ्यात गुठळ्या करून बसते. अशा वेळी थोडा भोवरा राखून ठेवायचा असतो. बॅफल पृष्ठभागाच्या बरेच खाली संपवायचे: वर भोवरा पावडर गिळतो, खाली बॅफल ती पसरवतात. किंवा चारऐवजी एकच रुंद बॅफल लावायचा, म्हणजे भोवरा मध्यापासून सरकतो आणि वाकडा-तिकडा होऊन पावडर ओढतो.

इथे एक सापळा आहे, आणि प्रयोगशाळेतून प्लांटमध्ये माल आणणाऱ्या प्रत्येकाने तो ध्यानात ठेवावा. एक लिटरच्या बीकरमध्ये भोवरा पावडर सहज गिळतो. तीच कृती एक केएलच्या रिअ‍ॅक्टरमध्ये, प्रति लिटर शक्ती तेवढीच ठेवून केली, की पावडर तरंगतच राहते. कारण भोवऱ्याची टाकीच्या मानाने खोली फ्राउड नंबरवर (गुरुत्वाच्या मानाने फिरण्याचा जोर किती ते सांगणाऱ्या आकड्यावर) ठरते, आणि प्रति लिटर शक्ती कायम ठेवून टाकी दसपट रुंद केली तर फ्राउड नंबर निम्म्याहूनही खाली येतो. बीकरमध्ये तळापर्यंत पोचलेला भोवरा रिअ‍ॅक्टरमध्ये अर्ध्यावरही पोचत नाही. कृतीत दोष नसतो, पावडरीतही नसतो. माप बदलल्यावर सगळ्या गोष्टी एकाच प्रमाणात बदलत नाहीत.


रंगारी
बुधवार, सकाळी ८:४०

अझो रंगांच्या प्लांटवर आहे, तर ‘कुठे टाकायचं’ यावर लिहितो, कारण त्यावर कोणी बोललेलं नाही.

कपलिंगची (डायझो संयुग दुसऱ्या रेणूला जोडून रंग बनवण्याची) अभिक्रिया इतकी झटपट होते की डायझो द्रावण टाकीत पसरायच्या आधीच जिथे पडतं तिथेच संपतं. पडलेल्या जागी ते क्षणभर जरी जास्त राहिलं, तरी तयार झालेल्या रंगावरच दुसऱ्यांदा कपलिंग होतं आणि नको असलेला दुहेरी रंग बनतो. छटा बिघडते. झुरिकमध्ये जॉन बोर्न यांनी नॅफ्थॉल आणि डायझो सल्फानिलिक आम्लाची हीच जोडी मिक्सिंग मोजण्यासाठी वापरली: जितका दुहेरी रंग जास्त, तितकं स्थानिक मिसळणं वाईट.

पाताळगंगांच्या टाकीत सरासरी शक्ती किलोला ०.३६ वॉट भरते. त्यावरून सगळ्यात लहान गिरक्यांचं माप साधारण ४० मायक्रॉन निघतं. पण सरासरी फसवी असते. इम्पेलरच्या लगत ऊर्जा सरासरीच्या कित्येक पट खर्च होते, पृष्ठभागाजवळ फारच कमी. म्हणून डायझो वरून ओतायचं नाही, डिप पाइपने (द्रवात बुडवलेल्या नळीने) इम्पेलरच्या जवळ सोडायचं आणि सावकाश सोडायचं. बॅफल नसलेल्या टाकीत वरून ओतलेली धार भोवऱ्याच्या गाभ्यात पडते आणि तिथेच घुमत राहते. त्याहून वाईट जागा नाही.


शिफ्ट_बी
बुधवार, दुपारी १२:१०

ग्लास लाइन्ड रिअ‍ॅक्टरवाल्यांसाठी एक अनुभव. या रिअ‍ॅक्टरांत भिंतीला पट्ट्या जोडता येत नाहीत, काचेचं अस्तर तडकेल. म्हणून बॅफल वरच्या नोझलमधून (झाकणावरच्या तोंडातून) टांगलेला असतो, बहुधा एकच. त्यामुळे थोडा भोवरा तिथे राहतोच.

मी आधी होतो त्या कारखान्यात मेंटेनन्सला बॅफल काढला गेला आणि परत न बसवताच नोझलवर ब्लाइंड फ्लँज (तोंड बंद करणारी चकती) लावून रिअ‍ॅक्टर चालू करून दिला. कागदावर सगळं पूर्ण. बॅचचा वेळ लांबत गेला, तळाशी घन माल बसू लागला, आणि दोष कच्च्या मालाला दिला गेला. एका जुन्या ऑपरेटर काकांनी लॉगशीट उलटून दाखवलं: दुरुस्तीनंतर अ‍ॅजिटेटरचे अँपिअर खाली आले होते आणि कोणी पाहिलंच नव्हतं. पाताळगंगांनी वर लिहिलंय ते वाचून त्या काकांची आठवण झाली.

आणि ढवळणं बंद पडण्याबद्दल. १० जुलै १९७६, इटलीतलं सेव्हेसो. शनिवारी पहाटे बॅच अर्धवट सोडून वाफ बंद केली आणि थोड्या वेळाने अ‍ॅजिटेटरही. रिअ‍ॅक्टरची भिंत मात्र द्रवाच्या पातळीवर खूप तापलेली होती, कारण आठवडाअखेर वाफेचं तापमान चढलं होतं. द्रव ढवळला जात असता तर ती उष्णता सगळ्या मालात वाटली गेली असती. थांबल्यामुळे फक्त वरचा थर तापला, तिथे उष्णता सोडणारी अभिक्रिया हळूहळू सुरू झाली, आणि दुपारी रप्चर डिस्क (दाब वाढला की फुटणारी सुरक्षा चकती) फुटून डायऑक्सिनचा विषारी ढग गावांवर गेला. तपासात मांडलं गेलेलं आणि बहुतेकांनी मानलेलं कारण हेच. आमच्याकडे प्रत्येक नव्या माणसाला मी हे सांगतो: माल थंड झाल्याची खात्री होईपर्यंत अ‍ॅजिटेटर बंद करायचा नाही.


जलवाहिनी
बुधवार, दुपारी ३:२५

पाणी शुद्धीकरण केंद्रावरून थोडक्यात. तुरटी मिसळायची फ्लॅश मिक्सरची टाकी बऱ्याच ठिकाणी चौकोनी असते. कोपरे स्वतःच बॅफलचं काम करतात, पाणी एकसाथ फिरू शकत नाही. अर्धा-एक मिनिट जोरदार ढवळणं, आणि नंतरच्या टाकीत अगदी हळू, नाहीतर जमलेले गाळाचे पुंजके फुटतात. म्हणजे ढवळणं जास्त झालं तरी बिघडतंच. गोल टाकीत बॅफल लावणं जमत नसेल तर शाफ्ट मध्यापासून सरकवून किंवा तिरका बसवूनही बरंच साधतं.


मास्तर
बुधवार, रात्री ९:००

मी शाळेत विज्ञान शिकवतो. मुलांना हे डोळ्यांनी दाखवायचं आहे. खर्च कमी हवा. काय करू?


पाताळगंगा
बुधवार, रात्री १०:२०

मास्तर, हे जरूर करा.

पारदर्शक गोल बरणी, साधारण १५ सेंटिमीटर व्यासाची, आणि तेवढंच उंच पाणी. ५ सेंटिमीटरचा छोटा इम्पेलर तळापासून ५ सेंटिमीटरवर. खेळण्यातली मोटर चालेल, फक्त वेग कमी-जास्त करता आला पाहिजे. बॅफलसाठी अ‍ॅक्रिलिकच्या चार पट्ट्या, दीड सेंटिमीटर रुंद, वरच्या कड्याला अडकवून काढता-घालता येतील अशा.

पाण्यात स्टार्च आणि आयोडीनचे थेंब टाका, गडद निळं होईल. मोटर चालू करा, पाणी स्थिर फिरू द्या, मग हायपोचं (सोडियम थायोसल्फेटचं) द्रावण एकदम ओता. जिथे हायपो पोचेल तिथला निळा रंग जातो. निळेपणा पूर्ण जाईपर्यंतचा वेळ मुलांना घड्याळावर मोजू द्या, एकदा पट्ट्या काढून, एकदा घालून, मोटरचा वेग तोच ठेवून. पट्ट्या घातल्यावर मोटर मंदावेल, तर व्होल्टेज वाढवून फेऱ्या परत जुळवून घ्या. तो वाढीव भार मुलांना मीटरवर दाखवता आला तर फारच चांगलं.

दुसऱ्या फेरीत पाण्याऐवजी ग्लिसरीन घ्या आणि अगदी मंद ढवळा. बाकी सगळं पारदर्शक झाल्यावरही मेधाविनींनी सांगितलेली दोन निळी कडी इम्पेलरच्या वर-खाली उरलेली दिसतील. मग मोटर थोडी जलद, थोडी मंद, पुन्हा जलद अशी करायला एखाद्या मुलीला सांगा. ग्लिसरीन महाग पडलं तर पातळ न केलेलं ग्लुकोज सिरप चालेल, मात्र आयोडीन आणि हायपो दोन्ही त्याच सिरपमध्ये विरघळवून घ्या, नाहीतर हायपोचं पाणी वर तरंगत राहील.


मास्तर
बुधवार, रात्री १०:४५

पट्ट्या उद्याच कापून घेतो. एक विचारायचं राहिलं: पट्ट्या बरणीच्या भिंतीला अगदी टेकवायच्या की फट ठेवायची?


पाताळगंगा
बुधवार, रात्री ११:००

दोन-तीन मिलिमीटर फट ठेवा. टेकवल्या तर पट्टीमागच्या कोपऱ्यात न हलणारा द्रव अडकतो. मोठ्या टाक्यांतही बॅफल भिंतीपासून थोडा सुटा ठेवतात, घन माल तिथे साचू नये म्हणून. मोजलेले वेळ इथे टाका, आकडे पाहून मोटरचा वेग बदलायला हवा का ते सांगतो.